तेलावर रंग धरत नाही

मंगळवारी सकाळचे सात वाजून दहा मिनिटे झाली होती. साताऱ्यात पोवई नाक्याच्या उतारावर हरिबा मिस्त्रींची मोटारदुरुस्तीची शेड आहे. तिथे राहीबाई एका हिरव्या मोटारीच्या उजव्या मडगार्डवर घासायचा ओला पॉलिश कागद फिरवत होती. बसायला दुमडलेलं पोतं, हाताशी पाण्याची बादली. शेडचं दार रोजच्यासारखं तिनंच उघडलं होतं. आदल्या संध्याकाळी हरिबांनी तिला सांगितलं होतं, की घटस्थापनेपासून रंगाचं काम फौजेतून आलेला अर्जुना बघेल, तिनं नुसतं घासायचं. तिनं शेडची किल्ली परत केली नव्हती.

हे १९४६ साल. पितृपंधरवडा सुरू होता. या पंधरा दिवसांत नवी वस्तू कुणी घेत नाही, म्हणून जुन्या वस्तू दुरुस्तीला येतात. हरिबांच्या शेडला हे दिवस चांगले जातात, आणि दसऱ्याला मोटारीची पूजा असल्यामुळे रंगाचं काम सगळ्यांना त्याच्या आत हवं असतं.

हिरवी मोटार कडेगावकडच्या लालासाहेबांची होती. मोटार १९३४ सालची, अमेरिकन बनावटीची. लालासाहेबांचा ऊस आहे, गूळ आहे, घरातली दोन माणसं लढाईत फौजेत होती. मोटारीचं इंजिन ठणठणीत होतं, पण बॉनेटवरचा रंग पोपडे धरून उडत होता. सांगलीत दोनदा रंगवून झाली होती. दोन्ही वेळा पावसाळा सरता सरता रंग पुन्हा सुटला.

या मोटारींचा रंग लॅकरचा असतो. तो तैलरंगासारखा दिवसभर ओला राहत नाही. हात फिरवेपर्यंत वाळतो, आणि एकाच जागी दुसऱ्यांदा ब्रश फिरवला तर खालचा थर विरघळून वर येतो. हवेत ओल असेल तर दुधासारखा पांढरट पडतो. म्हणून साताऱ्यात भाद्रपदात रंग लावायचा तो अकरा ते तीन, ऊन असेल तेवढ्यातच. बाकीचा वेळ घासण्यात जातो. राहीबाईनं हे सगळं घासता घासता शिकून घेतलं होतं.

ती आटपाडीच्या पलीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. नवरा सिद्धू हा हरिबांच्या शेडचा रंगारी. त्याला जेवण पोचवायला आली की ती तिथेच बसून कागद घासायला लागायची. १९४३ साली थिनरच्या वाफांनी सिद्धूची छाती धरली. चार पावलं चालला की धाप लागते. तेव्हापासून तो घरी उंबऱ्यावर बसून चातीवर लोकर कातत असतो आणि राहीबाई शेडमध्ये रंग लावते. ब्रश तिला पटला नाही. मऊ धोतराच्या चिंधीत लोकर बांधून तिनं गोळा केला, तो लॅकरमध्ये बुडवून एका दिशेनं एकदाच ओढायचा, अशी तिची पद्धत. त्यानं मडगार्ड, दारं, चाकांच्या वाट्या उत्तम व्हायच्या. गिऱ्हाइकं म्हणायची, “सिद्धूचा हात लय साफ.” हरिबा मान डोलवायचे. सिद्धू तीन वर्षं शेडमध्ये आलेला नाही, हे गिऱ्हाइकांना कुणी सांगितलं नाही. तोवर तिचंही काही म्हणणं नव्हतं.

आता लढाई संपली आणि माणसं परत आली. अर्जुना हा कडेगावच्याच बाजूचा, शेतकरी घरातला. चार वर्षं इराकमध्ये लष्कराच्या मोटारखान्यात हवालदार होता. येताना त्यानं फौजेच्या लिलावातून रंगाची गन आणली होती. पायानं पंप मारायचा आणि गनमधून रंगाचा फवारा सोडायचा. साताऱ्यात अशी वस्तू दुसरीकडे नव्हती. हरिबांना ती पाहताक्षणीच आवडली.

सोमवारी मोटार आल्याबरोबर धुण्याचं काम राहीबाईकडे आलं होतं. बॉनेटवर तांब्याभर पाणी ओतलं तेव्हा तिला एक गोष्ट दिसली. पाणी सगळीकडे सरळ पसरलं, फक्त मधोमध वीतभर जागेत थेंब पळाले. तिनं पुन्हा पाणी ओतलं. थेंब पुन्हा त्याच रेषांवरून पळाले. रेषांना चार हात होते आणि प्रत्येक हात टोकाला वळलेला होता. रंगावर काही दिसत नव्हतं, पण पाण्यात स्वस्तिक स्पष्ट उठलं होतं.

लालासाहेब कोर्टाच्या कामासाठी साताऱ्यात सासऱ्यांकडे उतरले होते. त्या दिवशी डोकावायला आले, तेव्हा तिनं विचारलं, “आवं लालासाहेब, दसऱ्याला ह्याच्यावर कुंकू कोन काढतं?”

“आई काढती. का?”

“कशात कालवत्यात?”

“गोडेतेलात. पाण्याचं कुंकू हिताहिता म्हणंस्तवर जातंय. आईला ते दिवाळीपतोर टिकाय पायजे. बारा वर्सं झाली, जागा बदलली न्हाई.”

“आनि गाडी पुसता कशानं?”

“डायवर करडीच्या तेलाचं फडकं मारतो. कशी बैलाच्या शिंगागत चमकती.”

राहीबाई अर्जुनाकडे वळली. बॉनेट त्याच्या वाट्याला होतं. मडगार्ड तिच्या. “खाली तेल मुरलंय. आधी धुवाय पायजे.”

“वहिनी, पेट्रोलनं पुसलंय की.”

“पेट्रोलनं तेल जात न्हाई, पसरतं. भेगांत आनि खोल जातं.”

“चार वर्सं पेट्रोलनंच पुसल्यात मी. ट्रका, जिपा, कर्नलची गाडी. एकीचा बी पोपडा आला न्हाई.”

“कर्नलच्या गाडीला त्याची आई कुंकू लावत हुती व्हय?”

शेडमधले दोघेतिघे हसले. अर्जुनाही हसला, पण ऐकलं नाही. हरिबा म्हणाले, “राही, तू तुझं मडगार्ड बघ.”

बुधवारी दुपारी बाराला अर्जुनानं बॉनेट फवारलं. ते काम चांगलं झालं, हे सांगायला हवं. थर सारखा होता, कुठे ओघळ नव्हता, कुठे कोरडी जागा नव्हती. हरिबांनी शेजारच्या दोन दुकानदारांना बोलावून दाखवलं. राहीबाईनंही जवळ जाऊन पाहिलं. “हात चांगला हाय,” ती म्हणाली. “पत्रा खराब हाय.”

गुरुवारी कडक ऊन पडलं. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता लालासाहेब मोटार न्यायला आले, तेव्हा बॉनेटच्या मधोमध रंगाला तीन ठिकाणी बारीक फुगवटे आले होते. हरिबांनी ते आधीच पाहिले होते आणि मोटार अशी उभी केली होती, की तिथे छपराची सावली पडावी. त्यांचा हिशेब साधा होता. दसरा होऊ द्यावा. पुढे रंग सुटला तर सांगलीत दोनदा सुटला तसाच सुटला म्हणायचं.

“सिद्धूनं मडगार्ड झकास केलंय,” लालासाहेब म्हणाले. “बॉनेट बी नवं दिसाय लागलं.”

राहीबाई हात पुसत पुढे आली. कुणाला काही कळायच्या आत तिनं एका फुगवट्याच्या कडेला अंगठ्याचं नख घातलं आणि ओढलं. टीचभर रुंद, हातभर लांब पट्टा केळीच्या सोपटासारखा सुटून आला. तिनं तो लालासाहेबांच्या हातात दिला.

“खालच्या बाजूनं बोट फिरवा.”

लालासाहेबांनी फिरवलं. बोट तेलकट झालं.

हरिबांचा आवाज चढला. “अगं ए! डोकं फिरलं का तुझं? तयार गाडी फाडलीस?”

“तयार नव्हती. तुमाला बी ठावं हुतं, मिस्त्री. म्हनून तर सावलीत लावली.”

“निघ. आत्ताच्या आत्ता घरी जा.”

“जाते की. पर आता ह्ये बॉनेट कोन करनार त्ये आधी सांगा. ह्यो हवालदार परत पेट्रोलनं पुसंल, परत फवारंल, आनि परत सुटंल. मग लालासाहेब चवथ्यांदा कुठं जातील? मिरजंला?”

लालासाहेब पट्ट्याकडे बघत होते. ते मोठ्यानं बोलणारे गृहस्थ आहेत, पण तेव्हा हळू बोलले. “बाई, तुला जमंल?”

“जमंल. पाच दिस लागतील. उद्या पायजे म्हनाल तर न्हाई जमणार, आनि मी करनार बी न्हाई.”

“आनि न्हाई टिकलं तर?”

“तर पुढच्या वर्साला ह्या शेडात मी दिसनार न्हाई.”

हरिबांना हे बोलणं आवडलं नाही. शेड त्यांची, पैज तिची. पण गिऱ्हाइकाच्या हातात तेलकट पट्टा होता आणि दारात शेजारचे दोन्ही दुकानदार येऊन उभे होते. बुधवारी त्यांना हरिबांनीच बोलावलं होतं. हरिबा म्हणाले, “कर. पर जबाबदारी तुझी.” ती म्हणाली, “व्हय. माझीच. सिद्धूची न्हाई.” हे शेवटचे दोन शब्द तिनं लालासाहेबांकडे बघून म्हटले. त्यांना त्याचा अर्थ कळायला थोडा वेळ लागला.

“म्हंजी मडगार्ड सिद्धूनं न्हाई केलं?”

“तीन वर्सं झाली, सिद्धू घरी बसलाय. सारं मीच करते.”

 हरिबा जॅक उचलून मागे गेले.

त्या दुपारी तिनं काय केलं, ते अर्जुनानं कागदावर लिहून ठेवलं. तो कागद त्याच्या खिशात आहे. राहीबाईनं सुटलेला नवा थर बोटांनीच सोलून काढला. मग रिठे ठेचून कढत पाण्यात घुसळले, त्यात चाळलेली राख घातली आणि त्या फेसानं बॉनेट धुतलं. घासायचं नाही, खरवडायचं नाही. आधी नुसतं धुवायचं. गार पाणी ओतून बघायचं. थेंब पळाले, की पुन्हा कढत पाणी, पुन्हा फेस. पहिल्या धुण्यात स्वस्तिकाचे चारी हात तसेच होते. तिसऱ्यात दोन राहिले. पाचव्या धुण्याला पाणी सबंध पत्र्यावर एकसारखं, कापड पसरावं तसं बसलं. मगच तिनं पोलादी पट्टी हातात घेतली आणि सगळा रंग पत्र्यापर्यंत उतरवला.

“आधीच का न्हाई खरवडायचा?” अर्जुनानं विचारलं. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नव्हता.

“आधी खरवडलं की पट्टीचं ओरखडं तेल पित्यात. मग पत्रा बी तेलकट.” बोलताना तिचे हात थांबले नव्हते. “आमच्यात घोंगडीच्या काठाला रंगीत लोकर लागती. मेंढराची लोकर कशी असती ठावं हाय न्हवं? चिकाट, तेलकट. तशीच रंगात टाकली तर वरवर लाल दिसती, एका पावसात पांढरी. म्हनून आधी रिठ्यानं धुवायची. माझी आजी म्हनायची, रंगाला दोष देऊ नगंस, आधी लोकर हुंगून बघ.”

“फौजेत हे न्हाई शिकवलं.”

“फौजेत मेंढरं नसतील.”

पत्र्यावर तांबूस अस्तर लागलं. खड्ड्यांत लांबी भरली गेली, म्हणजे रंगाऱ्याची भरणीची लुकण. रविवारी ऊन होतं तेवढ्या वेळात तिनं गोळ्यानं दोन थर दिले. सोमवारी सकाळी ती बॉनेटसमोर बराच वेळ उभी राहिली. मग अर्जुनाला म्हणाली, “गन दे.”

“काय?”

“मडगार्डाला गोळा चालतो. ह्ये रुंद हाय. दोन ओढींच्या मधी रेघ दिसती. वरचं थर फवाऱ्यानं पायजेत.”

“मग मी मारतो की, वहिनी.”

“तू मारशील तर तुझं काम हुईल. बोलले मी हाय. मला शिकव.”

“अशी न्हाई येत ती. फौजेत सहा म्हैने शिकवत्यात.”

“शिकव की सहा म्हैने. सुरू आज कर.”

हरिबा मागून म्हणाले, “बाईच्या हातात गन दिली तर उद्या गावात माझं काय म्हनतील?”

“परवा काय म्हनले?” राहीबाईनं विचारलं. “सावलीत उभी केली तवा?”

हरिबा पुन्हा जॅककडे गेले नाहीत. तिथेच उभे राहून बघत राहिले.

अर्जुनानं तिला घासलेटचा एक रिकामा डबा दिला. पहिल्या खेपेला रंग ओघळून जमिनीवर आला. दुसऱ्या खेपेला तिनं गन इतकी लांब धरली, की रंग वाटेतच वाळून डब्यावर भुकटीसारखा बसला. “वीतभर, वहिनी, वीतभर,” अर्जुना पंप मारत ओरडत होता, “आनि मनगट वळवू नगा, सारा हात न्या. पेरणीला पाभर धरल्यागत.” नवव्या का दहाव्या खेपेला डब्याची एक बाजू बरी आली. तिनं ती उन्हात तिरपी करून पाहिली आणि विचारलं, “आता?”

“आता आनि दहा डबं.”

“डबं न्हाईत तेवढं.”

“मग त्योच पुसा नि परत मारा.”

तिनं पुसला आणि परत मारला. जेवायला गेली नाही. दीड वाजता ती बॉनेटवर आली. चार पातळ थर दिले, मधे प्रत्येक थर वाळू दिला. डाव्या कोपऱ्यात एक ओघळ आला. तो तिनं वाळल्यावर कागदानं उतरवला आणि तेवढ्या जागेवर पुन्हा फवारलं. तीन वाजता आभाळ भरून आलं, तेव्हा गन खाली ठेवली.

मंगळवारी सकाळी चमक काढणं. लॅकर वाळतो तेव्हा निस्तेज असतो, चमक घासून काढावी लागते. त्यासाठी तिच्याकडे जावळ होतं. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या मऊ लोकरीला जावळ म्हणतात. ही लोकर सिद्धूनं निवडून, धुऊन, हुंगून पाठवलेली.

दुपारी चारला लालासाहेब आले आणि त्यांच्याबरोबर त्यांची आई. बनुबाई सत्तरीच्या पुढच्या आहेत. प्रवासी सर्व्हिस मोटारीनं कऱ्हाडहून एकट्या आल्या होत्या. कुंकवाच्या तेलानं रंग सुटतो, असा निरोप मुलानं धाडला होता आणि तो त्यांना रुचला नव्हता. त्यांनी आधी मोटारीला एक फेरी घातली. बॉनेटमध्ये त्यांचं लुगडं, छपराचा पत्रा, बाहेरचं चिंचेचं झाड, सगळं दिसत होतं.

“कुनी केलं ह्ये?”

हरिबा पुढे झाले. “आईसाब, आमच्या शेडात सिद्धू म्हनून—”

“मी केलं,” राहीबाई म्हणाली.

बनुबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तूच का ती? माझ्या कुंकवात खोट काढनारी?”

“कुंकवात न्हाई, आईसाब. तेलात.”

“बारा वर्सं लावते मी. गाडी आजून चालती का न्हाई?”

“चालती. पर रंग तिनदा गेला.”

“रंग गेला तर परत देता येतो. कुंकू पुसलं तर काय करायचं? माझी दोन पोरं पल्टनीत हुती. दोगं बी परत आली. तू मला शिकवू नगंस.”

लालासाहेब मध्ये पडणार होते. राहीबाईनं त्यांना तशी सवड दिली नाही.

“आईसाब, देवाचं तुमाला ठावं, मला न्हाई. मला पत्र्याचं ठावं. बॉनेटवर तेल लावलंसा तर पुढल्या भाद्रपदात ह्ये असंच सुटंल आनि लोक म्हनतील, बाईनं केलं म्हनून सुटलं. त्ये मी ऐकून घेनार न्हाई. पाण्यात कालवून लावा.”

“पाण्याचं पावसानं जातं.”

“मग काचंवर लावा. वरच्या कोपऱ्यात. काच तेल पीत न्हाई. वर्सभर ठेवा, दोन वर्सं ठेवा.”

“काचंवर?” बनुबाई काचेजवळ गेल्या. बोटानं कोपरा चाचपला. “हितनं डायवरला दिसंल का?”

“डाव्या अंगाला लावा. तकडं तुमीच बसता न्हवं?”

बनुबाईंनी पदराला बोट पुसलं. मग मुलाकडे वळून म्हणाल्या, “डायवरला सांग, करडीचं फडकं फेकून दे म्हनावं.” आणि हरिबांना म्हणाल्या, “मिस्त्री, कामाचं माणूस कोन हाय त्ये गिऱ्हाइकाला नीट सांगावं. मी खोटं नाव घिऊन गावात सांगितलं असतं की.”

हरिबा म्हणाले, “व्हय, आईसाब.”

मोटार परवा, घटस्थापनेच्या सकाळी जाणार आहे. बनुबाईंना ती अमावास्येला घरी न्यायची नाही. राहीबाईनं तिच्यावर चादर घातली. हरिबांनी घटस्थापनेपासूनच्या बदलाचा विषय काढला नाही आणि तिनंही विचारलं नाही. जाताना तिनं फक्त अर्जुनाला सांगितलं, की गनची सुई थिनरमध्ये ठेव, वाळली तर उद्या अडेल.

उद्या अमावास्या. हरिबांच्या शेडला अमावास्येची सुट्टी नसते. सकाळी आठला सांगलीहून एका डॉक्टरांची काळी मोटार येणार आहे, तिच्या दोन्ही दारांचा रंग सुटला आहे. धुणं आणि घासणं दहापर्यंत. ऊन असेल तर अकराला फवारा सुरू होईल. गन राहीबाईच्या हातात असेल आणि पंप अर्जुना मारणार आहे.